रोबो नंतर बघू, आधी मालाला पत्ता द्या

प्रश्न असा आलाय की मध्यम आकाराचं वेअरहाऊस आहे, सहा हजाराच्या आसपास एसकेयू, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या वस्तू, सगळा कारभार एक्सेल आणि वहीवर, ऑर्डर वाढल्यात तशा चुकाही वाढल्यात, आणि जो भेटतो तो वेगळं काहीतरी सांगतो, कोणी आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचायचे टॅग, लावा म्हणतं, कोणी रोबो, कोणी एआय. तर यातल्या कशाने काम खरंच सुधारतं आणि सुरुवात कुठून करायची.

मी एकवीस वर्षं याच कामात आहे. इनवर्डला, म्हणजे आलेला माल उतरवून घेतात तिथे, खोकी मोजण्यापासून सुरुवात केली, नंतर डिस्पॅच सांभाळलं, आणि गेली बरीच वर्षं वेअरहाऊसमधे सिस्टीम बसवायचं काम करते. त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

नवीन ठिकाणी गेले की पहिल्या दिवशी मी लॅपटॉप उघडत नाही. एका पिकरच्या, म्हणजे ऑर्डरप्रमाणे माल उचलून आणणाऱ्या माणसाच्या, मागे दोन तास नुसती फिरते, हातात कागद आणि घड्याळ. तो कधी चालतोय, कधी शोधतोय, कधी खरंच माल उचलतोय एवढंच लिहायचं. तुम्हीही हे उद्याच करून बघा, कारण पिकिंगमधला साधारण अर्धा वेळ नुसता चालण्यात जातो, हे या धंद्यात सगळीकडे दिसतं, आणि जिथे मालाला ठरलेली जागा नाही तिथे त्यात शोधण्याचा वेळ वेगळा धरावा लागतो. प्रत्यक्ष उचलण्याला लागणारा वेळ किती कमी आहे हे बघून मालक लोक गप्प होतात. टेक्नॉलॉजीचा निम्म्याहून जास्त फायदा याच दोन गोष्टींतून येतो, चालणं कमी करणं आणि शोधणं संपवणं. बाकी सगळं त्याच्या पुढचं.

एका ठिकाणचं सांगते. मुलाच्या हातात चौदा ओळींची पिकलिस्ट होती, म्हणजे उचलायच्या मालाची यादी, दर ओळीला एक वस्तू, ग्राहकाने ज्या क्रमाने ऑर्डर टाकली त्याच क्रमाने छापलेली. पहिली वस्तू दुसऱ्या गल्लीत, दुसरी शेवटच्या गल्लीत, तिसरी परत पहिल्याच्या शेजारी. सातव्या ओळीला तो रॅकपाशी थांबला, वर बघितलं, खाली वाकून बघितलं, एक खोका उघडला, बंद केला, दुसरा उघडला, आणि मग जोरात हाक मारली, "काका, ते निळ्या झाकणाचं कुठे ठेवलंय?" लांबून उत्तर आलं, "मागच्या रॅकच्या वर, डाव्या बाजूला, पंख्यांच्या खोक्यांमागे." अगदी बरोबर होतं ते. त्या काकांना अख्खं गोडाऊन तोंडपाठ होतं, आणि तीच सगळ्यात मोठी अडचण होती. पुढे ते आठवडाभर आजारी पडले तेव्हा माल रॅकवर असूनही ऑर्डर अडकून पडल्या, कारण कुठला माल कुठे आहे ही माहिती त्यांच्या डोक्यात होती आणि बाकी कुठेच नव्हती.

म्हणून पहिलं काम पत्त्याचं. प्रत्येक जागेला पत्ता हवा, म्हणजे गल्ली, रॅकचा खण, मजला आणि बिन (त्यातला छोटा कप्पा), जसं की ०४-१२-३-२, आणि त्या पत्त्याचा बारकोड त्याच जागेवर चिकटवलेला. माल ठेवताना आधी माल स्कॅन, मग जागा स्कॅन. उचलताना आधी जागा, मग माल. एवढा एक नियम शंभर टक्के पाळला तर सिस्टीमला कायम माहीत असतं काय कुठे आहे. वेअरहाऊस मॅनेजमेंट सिस्टीम म्हणतात ती मुळात हीच, पत्त्यांची वही जी प्रत्येक स्कॅनला स्वतःला दुरुस्त करते.

आणि एकदा लक्षात ठेवायचं काम सिस्टीमकडे गेलं की जागा मोकळी व्हायला लागते, हे लोकांच्या लवकर लक्षात येत नाही. एका वस्तूला एक कायमची जागा राखून ठेवली की नवा लॉट येतो त्या दिवशी ती जागा भरलेली असते आणि पुढचा लॉट यायच्या आधी रिकामी असते, म्हणजे सरासरी काढली तर जवळजवळ अर्धी जागा तुम्ही हवेला भाड्याने दिलेली असते. पत्ता पक्का असेल तर कुठलाही माल कुठल्याही रिकाम्या बिनमधे जाऊ शकतो. अॅमेझॉनच्या वेअरहाऊसमधे असंच करतात, एकाच बिनमधे पुस्तक, चार्जर आणि खेळणं शेजारी शेजारी असतं. बघणाऱ्याला पसारा वाटतो, पण त्यात आणखी एक फायदा आहे. एकसारख्या दिसणाऱ्या वस्तू शेजारी नसल्या की चुकीची वस्तू उचलली जात नाही. एकाच शर्टाचे मीडियम आणि लार्ज शेजारी ठेवून बघा किती वेळा अदलाबदल होते ते.

आता स्कॅनिंगवर थोडं जास्त बोलते, कारण यालाच लोक जुनी गोष्ट म्हणून उडवून लावतात. जुनी आहे हे खरं. वुडलँड आणि सिल्व्हर या दोघांना बारकोडचं पेटंट १९५२ मधे मिळालं, वुडलँडने मोर्स कोडचे ठिपके आणि रेघा खाली ओढून लांब केल्या आणि त्यातून ती कल्पना निघाली. पण लेझर आणि कॉम्प्युटर स्वस्त व्हायला वेळ लागला आणि दुकानात पहिली वस्तू स्कॅन झाली ती २६ जून १९७४ ला, अमेरिकेत ओहायोमधल्या ट्रॉय गावात, च्युइंगमचं पाकीट होतं ते. पन्नास वर्षांनंतरही हाच पैसा वसूल करणारा पहिला खर्च आहे आणि त्याचं कारण साध्या गणितात आहे. समजा तुमचा पिकर १०० पैकी ९९ ओळी बरोबर उचलतो, ऐकायला छान वाटतं. पण पाच ओळींची ऑर्डर पूर्ण बरोबर जायची शक्यता ९५ टक्के होते, दहा ओळींची ९० टक्के. म्हणजे दहा ओळींच्या दर दहा ऑर्डरमधे एक ग्राहक वैतागणार, तेही ९९ टक्के अचूक माणूस कामाला असताना. डोळ्याने नंबर वाचून हे सुधारत नाही, माणूस दमतो, पाच वाजता ६ आणि ८ सारखेच दिसायला लागतात.

बारकोडला हे जमतं कारण चूक पकडायची सोय त्याच्या आतच आहे. मालावरच्या तेरा आकड्यांतला शेवटचा आकडा बाकीच्या बारांवरून काढलेला असतो, एकाआड एक आकड्याला १ ने आणि ३ ने गुणायचं, बेरीज करायची, पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो शेवटचा आकडा. कुठलाही एक आकडा चुकला तर तो नक्की पकडला जातो, शेजारचे दोन उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा पकडले जातात, त्या दोघांत बरोबर पाचाचा फरक असेल तरच निसटतात. एक्सेलमधे हाताने टाइप केलेल्या कोडला असं कोण तपासणार.

पण स्कॅनर आणून दिला म्हणजे स्कॅनिंग सुरू झालं असं समजू नका. एका ठिकाणी सिस्टीममधे सगळं हिरवं आणि रॅकवर सगळा गोंधळ. शोधलं तर पॅकिंग टेबलाच्या काचेखाली सगळ्या लोकेशनच्या बारकोडची झेरॉक्स सापडली. पोरं माल उचलून आणायची आणि टेबलावरूनच जागा स्कॅन करायची. सुपरवायझर त्यांच्यावर ओरडायला निघाला होता, मी थांबवलं आणि रॅकपाशी गेले. वरच्या तीन मजल्यांची लेबलं वरच चिकटवलेली, खालून स्कॅनर पोचतच नव्हता, मग ती पोरं तरी काय करणार. आम्ही सगळ्या मजल्यांची लेबलं डोळ्याच्या उंचीवर एका पट्टीत आणली, प्रत्येक मजल्याला वेगळा रंग आणि वर-खाली दाखवणारा बाण. झेरॉक्स आपोआप गेली. लोक शॉर्टकट घेतात तिथे बहुतेक वेळा मांडणीत चूक असते, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता आधी रॅक बघते आणि मग माणसाशी बोलते.

वायफायचंही असंच. रिकाम्या गोडाऊनमधे सिग्नल तपासतात, झकास मिळतो, मग रॅक भरले की गल्लीच्या मधोमध स्कॅनर बंद पडतो. पाणी, द्रव माल आणि धातू रेडिओ लहरी खातात किंवा परत फेकतात, त्यामुळे टेस्टिंग भरलेल्या रॅकमधेच करायचं, आणि नेट गेलं तरी स्कॅन साठवून ठेवून नंतर पाठवणारं अॅप घ्यायचं.

हे पक्कं झालं की सॉफ्टवेअरची खरी करामत सुरू होते. पिकलिस्ट ऑर्डरच्या क्रमाने न येता रस्त्याच्या क्रमाने येते, म्हणजे गल्लीत शिरलात की मागे यायचं नाही. एका ट्रॉलीवर आठ किंवा बारा क्रेट ठेवून तेवढ्या ऑर्डर एकाच फेरीत उचलता येतात, स्कॅनर सांगतो यातले दोन तिसऱ्या क्रेटमधे टाक. आणि स्लॉटिंग, म्हणजे जास्त हलणारा माल डिस्पॅचजवळ आणि कंबर ते खांद्याच्या उंचीत, वर्षातून चार वेळा जाणारा माल वर आणि मागे. थोडक्या एसकेयूवर बहुतेक ऑर्डर फिरतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण नेमक्या कुठल्या आणि या महिन्यात कुठल्या, ते सिस्टीमच सांगू शकते कारण सीझन बदलला की यादी बदलते. एका ठिकाणी मी बाकी काही न बदलता फक्त शंभरेक एसकेयू पुढे आणले होते, आठवडाभरात पिकर स्वतः येऊन म्हणाले की मॅडम, पाय कमी दुखतात. मला ते रिपोर्टमधल्या कुठल्याही आकड्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

हात मोकळे हवे असतील, म्हणजे जड माल, किंवा कोल्ड स्टोरेज जिथे हातमोजे घालून स्क्रीन दाबता येत नाही, तिथे व्हॉइस पिकिंग उत्तम. कानात हेडसेट, तो जागा सांगतो, माणूस तिथला छोटा चेक नंबर बोलून दाखवतो, जुळलं तरच पुढे किती उचलायचे ते सांगतो. पिक टू लाइट, म्हणजे ज्या बिनमधून उचलायचं तिथे दिवा लागतो, हे कमी जागेत खूप फिरणाऱ्या मालाला चांगलं, सहा हजार एसकेयूला दिवे लावत बसू नका.

आरएफआयडीबद्दल स्पष्टच सांगते. पॅसिव्ह टॅगला बॅटरी लागत नाही, रीडरच्या लहरींवरच तो उत्तर देतो, गोडाऊनमधे वापरतात तो सहसा ८६० ते ९६० मेगाहर्ट्झमधे काम करतो, समोर दिसायची गरज नाही, खोका न उघडता आतले शंभर कपडे काही सेकंदांत मोजले जातात. कपडे आणि बुटांसाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. पण बाटल्या, कॅन, धातूचे पार्ट असतील तर तेच पाणी आणि धातू आडवं येतं, धातूसाठी वेगळे टॅग मिळतात पण महाग पडतात. आणि रीडरला आपलं दार आणि शेजारचं दार कळत नाही. एका डॉकवर, म्हणजे गाड्या भरायच्या दारापाशी, गाडी भरताना बाजूच्या डॉकवर उभ्या असलेल्या पॅलेटचाही माल गाडीत गेल्याची नोंद झाली होती, रीडरची पॉवर कमी करून दोन दारांमधे धातूची जाळी लावली तेव्हा कुठे थांबलं. त्यामुळे आधी तुमच्याच मालावर, तुमच्याच दारात, पंधरा दिवस ट्रायल.

ज्यांच्या मालाला एक्सपायरी आहे त्यांनी मात्र टू-डी कोडकडे, म्हणजे क्यूआरसारख्या चौकोनी कोडकडे, वळावं. क्यूआर कोड १९९४ मधे जपानच्या डेन्सो वेव्हमधे तयार झाला तो मुळात गाड्यांच्या पार्टसाठीच, साध्या बारकोडमधे मावत नव्हती एवढी माहिती भरायला. मालाच्या जीएस१ (बारकोडचे नियम ठरवणारी संस्था) कोडमधे प्रत्येक माहितीच्या आधी ठरलेला आकडा असतो, ०१ म्हणजे वस्तूचा नंबर, १७ म्हणजे एक्सपायरी, १० म्हणजे बॅच. एका स्कॅनमधे तिन्ही सिस्टीमला जातात आणि मग जो आधी संपणार तो आधी बाहेर जातो, आधी आला तो आधी नव्हे, कारण नंतर आलेल्या लॉटची एक्सपायरी आधीची असू शकते. आणि एखादी बॅच परत मागवायची वेळ आली तर ती कोणाकोणाकडे गेली हे काही मिनिटांत समोर येतं. औषधं आणि खाण्याच्या वस्तूंत याला पर्यायच नाही, समोर कोणाच्या तरी जिवाचा प्रश्न असतो.

पॅकिंग टेबलावरची एक स्वस्त गोष्ट जी फार कमी लोक वापरतात ती म्हणजे वजनकाटा. प्रत्येक एसकेयूचं वजन सिस्टीममधे असेल तर ऑर्डरचं अपेक्षित वजन आधीच माहीत असतं, खोका काट्यावर ठेवला आणि फरक आला की लेबलच छापलं जात नाही. राहिलेली वस्तू तिथेच सापडते. फार हलक्या वस्तूंत हे चालत नाही, खोका आणि टेपच्या वजनातच तो फरक बुडून जातो, पण बाकी मालात चालतं. मापंही भरलेली असतील तर कुठला खोका वापरायचा तेही सिस्टीम सुचवते, आणि मोठ्या खोक्यात अर्धी हवा पाठवायचं ट्रान्सपोर्टचं बिल कमी होतं.

स्टॉक मोजायला वर्षातून एकदा दोन दिवस गोडाऊन बंद ठेवायची पद्धत सोडा. रोज थोड्या जागा मोजायच्या, महत्त्वाचा माल वारंवार, बाकीचा कधीतरी, आणि सगळ्यात सोपं म्हणजे सिस्टीमच्या हिशोबाने बिन रिकामा झाला की पिकरलाच विचारायचं, खरंच रिकामा आहे का. एक सेकंदाचं उत्तर, पण चूक त्याच दिवशी कळते आणि कोणामुळे, कशामुळे हे आठवत असतं. वर्षाने कळली तर नुसतं खातं जुळवायचं, शिकायला काही मिळत नाही.

आता रोबो. किवा सिस्टीम्स नावाची कंपनी २००३ मधे सुरू झाली, तिची कल्पना अशी की माणसाने रॅककडे चालत जाण्याऐवजी रॅकच माणसाकडे यावा, खाली सपाट रोबो शिरतो, रॅक उचलतो, आणून उभा करतो. अॅमेझॉनने २०१२ मधे ती ७७.५ कोटी डॉलरला विकत घेतली. त्यानंतर या वाटेने बरेच जण आले. जमिनीतल्या तारेवरून किंवा पट्टीवरून जाणारी एजीव्ही, म्हणजे बिनचालक गाड्या, अजून आहेत, आणि आता स्वतः नकाशा बनवून माणसाला वळसा घालून जाणारे एएमआर रोबोही आहेत. काम छान करतात, मला आवडतात. पण रोबो सिस्टीमवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. माणूस रिकामा बिन बघून शेजारी शोधतो, रोबो रिकामा रॅक इमाने इतबारे आणून उभा करतो. त्यामुळे स्टॉक जुळत नसताना रोबो घेणं म्हणजे चुका जास्त वेगाने करणं. शिवाय सपाट जमीन लागते, दिवसभर सारखं काम लागतं, आणि तुमच्या आकाराला पूर्ण सेटअपपेक्षा पिकरबरोबर फिरणाऱ्या चार-सहा भाड्याच्या एएमआरपासून सुरुवात बरी.

एक गोष्ट यात लोक बोलत नाहीत. माल माणसाकडे यायला लागला की चालणं थांबतं, पण तोच हात तीच हालचाल तासाला शेकडो वेळा करतो, खांदा आणि मनगट जातं. दर दोन तासांनी काम बदलून द्या. आणि स्कॅनरमधे प्रत्येक माणसाचा मिनिटामिनिटाचा हिशोब असतो, तो वापरून माणसाला झापायला सुरुवात केलीत तर महिन्याभरात झेरॉक्स परत टेबलावर येईल, हे मी खात्रीने सांगते. त्या आकड्यांतून गल्ली शोधा, कुठली जागा सगळ्यांचाच जास्त वेळ खाते ती.

एआयबद्दल थोडक्यात, मागणीचा अंदाज, कुठला माल एकत्र जातो, उद्या किती माणसं लागतील, यासाठी चांगलं आहे, पण त्याला तुमचा निदान वर्षभराचा स्वच्छ डेटा लागतो आणि तो स्कॅनिंगशिवाय तयार होत नाही. म्हणजे फिरून परत तिथेच येतो आपण.

तुमच्या जागी मी असते तर अख्खं गोडाऊन एकदम बदललं नसतं. एक गल्ली घ्या, सगळ्यात जास्त फिरणारी. तिचे पत्ते ठरवा, लेबलं लावा, रात्री बसून मोजा, आणि दोन आठवडे फक्त ती गल्ली स्कॅनवर चालवा. पत्ते ठरवायला तुमच्याकडचे जे कोणी "काका" असतील त्यांनाच बसवा. मी वर सांगितलेल्या ठिकाणी तेच केलं होतं, आधी ते नाराज होते, आपली गरज संपली असं त्यांना वाटलं, मग त्यांनीच सांगितलं की अमुक खणात पावसाळ्यात ओल येते तिथे कागदी माल नको, तमुक रॅकवर फोर्कलिफ्ट वळत नाही. हे कुठल्या सॉफ्टवेअरला माहीत असणार. आणि तोपर्यंत एक माणूस काटा आणि टेप देऊन बसवा, प्रत्येक एसकेयूची लांबी, रुंदी, उंची, वजन भरायला. दिवसाला दीडशे धरले तरी सहा हजारांना चाळीस दिवस लागतात, म्हणून ते काम सिस्टीम घ्यायच्या आधी, याच आठवड्यात सुरू करा.